कॅरव्हॅनचं घर सगळे बघतात, खालची चासी कोण बघणार?

मंडळी, सध्या कॅरव्हॅनची हवा जोरात आहे. मोबाइल उघडला की कुणीतरी मिनीबसच्या मागच्या दारात पाय सोडून चहा पीत बसलेलं दिसतं, समोर समुद्र नाहीतर सह्याद्री. आपल्या बायपासवरच्या बॉडीवाल्यांकडे एक चक्कर मारा. जुन्या ट्रॅव्हलर, शाळेच्या मिनीबस ओळीने उभ्या आहेत. सीट काढल्या, आत प्लायवूडची कपाटं, बेड, ओटा, छोटं बाथरूम. तीन-चार महिन्यांत "घर" तयार. राज्य सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं, केरळनेही त्याच वर्षी आणलं. धंदा चांगला आहे, आपल्या पोरांना कामं मिळतायत, माझा त्याला अजिबात विरोध नाही.

पण या विषयावर जेवढं बोललं जातं ते सगळं फरशीच्या वरचं. कॅरव्हॅन पार्क कुठे, सवलत किती, बेड किती रुंद, एसी कितीचा. फरशीच्या खाली जे आहे, ज्याच्यावर हे सगळं घर उभं आहे आणि ज्याच्या जिवावर ते आंबा घाट उतरणार आहे, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून आज थोडं चासीबद्दल. लांब आहे, पण वाचा.

हायवेवर तुम्ही नुसती चासी जाताना बघितली असेल. केबिन नाही, काच नाही, एक ड्रायव्हर डोक्याला टॉवेल गुंडाळून, गॉगल लावून उघड्यावर बसलेला, मागे दोन लांब लोखंडी चॅनेल आणि चाकं. तीच गाडी. कंपनी एवढंच विकते, वरचं घर बॉडीवाला बांधतो. आपल्या एसटीने दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या आपल्याच कार्यशाळांत अशा चासींवर हजारो बॉडी बांधल्या. त्यामुळे हे काम महाराष्ट्राला नवीन नाही, हे आधी लक्षात घ्या.

ते दोन चॅनेल आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या म्हणजे शिडीच. इंग्रजीतसुद्धा तिला लॅडर फ्रेमच म्हणतात. चॅनेलचा आकार इंग्रजी सी सारखा. वरचा आणि खालचा ओठ सगळ्यात जास्त ताण घेतो, मधली उभी पट्टी त्या मानाने कमी. म्हणून चासी बनवणाऱ्या कंपन्या बॉडीवाल्यांना बजावून सांगतात की ओठाला भोक पाडू नका, ओठावर वेल्डिंग मारू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथलं पोलाद आपली ताकद गमावतं आणि तडा बरोबर तिथूनच सुरू होतो, तोही दोन वर्षांनी, कुठल्या तरी खड्ड्यात. आता तुम्ही सांगा, पाण्याची टाकी लटकवायला ब्रॅकेट मारताना आपल्याकडे किती जण ओठ सोडून मारतात? वेल्डिंग मशीन हाताशी असतं, गिऱ्हाईक घाईत असतं.

दुसरी गोष्ट. शिडी पिळली जाते, आणि ती पिळली जायलाच हवी. एक चाक खड्ड्यात, दुसरं वर, अशा वेळी फ्रेम थोडी वळते म्हणून चारही चाकं जमीन धरतात. वर जर तुम्ही कडक डबा थेट बोल्टने आवळून बसवला तर काही तरी तुटणार. आधी कपाटाची दारं लागेनाशी होतात, मग काच तडकते, मग जोड उसवतात. म्हणून जाणकार मिस्त्री मध्ये रबरी पॅड देतो, यू-बोल्ट देतो. आणि ज्या गाड्यांना वेगळी चासीच नसते, जिथे बॉडी हाच सांगाडा असतो, तिथे खिडकी मोठी करायला एक खांब कापणं म्हणजे गाडीचं हाड कापणं. बाहेरून काही कळत नाही.

आता खरा मुद्दा, वजन. मला बॉडीवाल्यांकडून हमखास ऐकायला मिळतं की अहो, ही गाडी सतरा माणसं ओढत होती, आता चौघं फिरणार, वजन कमीच झालं ना! ऐकायला बरोबर वाटतं. पण सतरा माणसं पुढच्या सीटपासून मागच्या सीटपर्यंत पसरून बसतात. घराचं वजन तसं पसरत नाही. बाथरूम मागे, पाण्याची टाकी मागे, बेड मागे, बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर बेडखाली, म्हणजे पुन्हा मागेच. आणि माणूस स्टॉपवर उतरतो, ओटा उतरत नाही.

साधा हिशेब करू. पुढच्या आणि मागच्या चाकांत चार मीटर अंतर आहे असं धरा. मागच्या चाकांच्या दोन मीटर मागे ३०० लिटरची पाण्याची टाकी बसवली. लिटरला किलो, म्हणजे ३०० किलो. मागच्या हाउसिंगवर किती वाढले? ३०० नाही, ४५०. कारण लहान मुलांच्या सीसॉसारखं होतं. मागची चाकं टेकू, टाकी मागून खाली दाबते आणि पुढचं टोक वर उचलते. पुढच्या चाकांवरचे १५० किलो कमी झाले आणि ते मागे आले. पुढची चाकं हलकी झाली म्हणजे स्टेअरिंग हलकं झालं, ब्रेक मारल्यावर पुढची चाकं रस्ता नीट धरेनात. चढाला तर वजन आणखी मागे सरकतं. मागचे टायर तापतात ते वेगळंच. एकूण वजन आरसीवरच्या आकड्याच्या आत आहे, काट्यावर गाडी पास, आणि तरीही गाडी धोक्याची. मागच्या चाकांमागे गाडी किती लांबवायची यालाही नियम आहे, दोन्ही चाकांमधल्या अंतराच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त नाही. मागे सायकल स्टँड, स्टेपनी, जनरेटरची पेटी लावताना टेप धरून कोण बघतं?

अमेरिकेत या गाड्या पिढ्यानपिढ्या चालतात. तिथे मोठ्या डिझेल मोटरहोमसाठी चासीच वेगळी बनते, इंजिन मागे. "डिझेल पुशर" म्हणतात, कारण इंजिन मागून ढकलतं. पुढे आवाज नाही, उष्णता नाही. इंजिनचं वजन मागे असल्यामुळे घराची मांडणी, सामानाचे कप्पे, टाक्यांची जागा या सगळ्याचा विचार चासी काढतानाच झालेला असतो. काहींमध्ये तर मधली फ्रेम उचललेली असते, खालून आरपार सामान ठेवता यावं म्हणून. तोटेही आहेत. इंजिनला समोरून वारा मिळत नाही, मोठा पंखा लागतो, आणि मागच्या चाकांची सगळी धूळ रेडिएटरवर. आपल्या मराठवाड्यातल्या मे महिन्यात ते काय होईल याची कल्पना करा. ती गाडी इथे आणा असं मी म्हणत नाही. तिकडची एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे, आणि ती आहे एक स्टिकर.

तिथे मोटरहोमच्या दाराशी आतून एक स्टिकर लावणं कायद्याने बंधनकारक आहे. माणसं आणि सामान मिळून या गाडीत इतक्या किलोच्या वर भरू नका, असा आकडा त्यावर लिहिलेला असतो. आणि खाली, पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्याचं वजन इतकं. बस्स. भाड्याने घेणाऱ्या माणसाला इंजिनिअर व्हावं लागत नाही, वाचता आलं की झालं.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ आहे, बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२, स्लीपरसाठी एआयएस-११९. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येणार नाही. आणि प्रत्यक्षात काय चालतं? पासिंगच्या दिवशी सीट परत बसतात, संध्याकाळी परत निघतात. हे मलाही माहीत आहे, तुम्हालाही, आणि ज्यांनी थांबवायचं त्यांनाही.

स्लीपर बसच्या बाबतीत आपण हेच सगळं एकदा केलेलं आहे. उंच चासी, त्याच्यावर दोन मजली बर्थ, वजन वर. ८ ऑक्टोबर २०२२, नाशिक. १ जुलै २०२३, समृद्धीवर सिंदखेड राजाजवळ. त्या रात्री बस दाराच्या बाजूवरच आडवी झाली, आग लागली आणि २५ माणसं गेली. आपल्या भागातले लोक रोज याच रस्त्यांनी पुण्याला जातात. बातम्या आल्या, तपासणी मोहिमा झाल्या, महिन्याभरात सगळं शांत. कॅरव्हॅनची संख्या अजून कमी आहे, म्हणून बोलायची वेळ आत्ता आहे.

त्यात आणखी एक. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाचं लायसन्स असलेला माणूस ७५०० किलोपर्यंतचं मालवाहू-प्रवासी वाहनही चालवू शकतो. गरीब ड्रायव्हरांसाठी निकाल चांगला आहे. पण याचा दुसरा अर्थ असा की आयुष्यभर अल्टो चालवलेला माणूस उद्या कुटुंबाला घेऊन सात टनांचं घर आंबोली घाटात नेऊ शकतो. त्याला टाकी भरल्यावर स्टेअरिंग का तरंगतंय हे कोण सांगणार?

कारखाने बंद करा, छापे टाका, असं कुणी म्हणेल तर त्याला माझा विरोध राहील. आपल्या मिस्त्रींच्या हातात कला आहे. त्यांच्याकडे कागद नाही, कारण एका गाडीचं डिझाइन मंजूर करून घ्यायचा खर्च आणि फेऱ्या छोट्या माणसाला झेपत नाहीत. एआरएआय पुण्यात, सीआयआरटी पुण्यात, दोन्ही संस्था आपल्याच राज्यात. कॅरव्हॅन पार्कला सवलत देणाऱ्या सरकारने चार-पाच नेहमीच्या चासींसाठी मंजूर नकाशे तयार करून घ्यावेत. टाकी इथे, बॅटरी इथे, बोल्ट इथे, भोक इथे नको. आणि नोंदणीकृत बॉडीवाल्यांना ते फुकट द्यावेत. एका पार्कच्या उद्घाटनाच्या मांडवाचा खर्च सोडला तरी बरीच सुरुवात होईल.

तोवर आपल्या हातात काटा आहे. ऊसपट्ट्यात राहतो आपण, दर काही मैलांवर वजनकाटा आहे. (कारखान्याच्या काट्यावर विश्वास नसेल तर खासगीवर जा, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन.) टाक्या पूर्ण भरा, गॅस भरा, सगळी माणसं बसवा. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. तीन पावत्या. आरसीवरच्या एकूण वजनाशी आणि एक्सलच्या आकड्यांशी ताडून बघा. मागचं जास्त भरलं तर टाकी दोन चाकांच्या मधे घ्या, शक्यतो खाली. छतावर तर अजिबात नको.

माझी मागणी एवढीच की कॅरव्हॅनच्या पासिंगला या तीन पावत्या आरटीओने सक्तीच्या कराव्यात, आणि दाराच्या आत मराठीत मोठ्या अक्षरांत स्टिकर: माणसं आणि सामान मिळून किती किलो, पाणी भरल्यावर किती किलो. याचं निवेदन मी या आठवड्यात परिवहन कार्यालयात देतोय. आपल्या तालुक्यात ज्यांनी गाडी करून घेतली आहे किंवा भाड्याने देतात, त्यांनी मला इनबॉक्स करा. रविवारी सकाळी काट्यावर मी येतो, पावत्यांचे पैसे माझ्याकडे. जे आकडे येतील ते मालकाचं नाव न देता इथेच टाकीन.