हाताचा हुन्नर : दाराखालचा गंज

आपल्यापैकी कितीतरी घरांत पत्र्याशी झुंजणारा माणूस आहे. कुणी गॅरेजात डेंटिंग करतो, कुणी कारखान्यात वेल्डर आहे, कुणाचा मुलगा आय.टी.आय.मध्ये शिकतो आहे. म्हणून आज एका जुन्या विलायती मोटारीची हकीकत सांगतो. मोटार थाटाची असली तरी तिचे दुखणे साध्या पत्र्याचे आहे आणि ते पुष्कळदा घरच्या शेडमध्ये, सुट्टीच्या दिवशी बरे केले जाते.

मोटारीचे नाव एम.जी.बी. दोन माणसांची, बुटकी स्पोर्ट्स कार. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन या गावी १९६२ ते १९८० या काळात ती तयार होत असे. ५ लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यांतल्या बहुसंख्य उघड्या, म्हणजे वर कापडी छत असलेल्या.

आता गंमत पाहा. ट्रकला खाली चेसिस असते आणि वर बॉडी. बॉडी सडली तरी चेसिस भार वाहते. एम.जी.बी.ला वेगळी चेसिसच नाही! पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यात डोक्यावर पक्के टप नाही. मग गाडी मधोमध वाकत का नाही? दाराखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, दोन्ही बाजूंना पत्र्याची एक बंद पेटी जाते. तिला इंग्रजीत सिल म्हणतात, म्हणजे आपला उंबरा. बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पत्रा, आतला पत्रा आणि खाली किल्ल्याच्या तटासारख्या खाचांची पट्टी, असे चार तुकडे जोडून हा उंबरा होतो. साऱ्या गाडीचे बळ त्यात आहे.

आणि नेमका तोच सडतो. पुढच्या मडगार्डच्या आत चिखल साचतो आणि ओला राहतो. त्या देशात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचे पाणी पेटीत शिरले की गंज आतून बाहेर येतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून जोडलेले दोन पत्रे तो पाचर मारल्यासारखे फाकवतो. बाहेर रंगावर वाटाण्याएवढा फोड दिसतो, खरवडले तर आत तळहाताएवढे भोक निघते. मुंबईच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको.

इथेच लबाडी सुरू होते. भोकात जाळी किंवा कागद कोंबायचा, वर लांबी भरायची, घासून रंग मारायचा, गाडी चकचकीत! दुसरी युक्ती म्हणजे सडक्या उंबऱ्यावर नव्या पत्र्याचे कव्हर बसवायचे. त्या दोहोंमध्ये पाणी अडकते आणि सड दुप्पट वेगाने वाढते. घेणारा रंग पाहून पैसे मोजतो. पण धडक बसली तर लांबी भार घेणार नाही. आत बसलेल्या माणसाचा जीव त्या डब्याच्या भरवशावर असतो. म्हणून जाणकार घेणारा खिशात लोहचुंबक ठेवतो. पत्र्यावर तो चिकटतो, जाड लांबीवर घसरतो.

ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीत असा सडका भाग सापडला तर गाडी नापास होते. मात्र मे २०१८ पासून ४० वर्षांपेक्षा जुन्या, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना या तपासणीतून सूट आहे. गाडी धड ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच. मला ही सूट पटत नाही. म्हाताऱ्या पत्र्यालाच तर तपासणी जास्त हवी.

आता खरे काम. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी आधी उतरवून लांब ठेवायची. रिकामी टाकी निरुपद्रवी समजू नये. आतल्या वाफेचा भडका भरल्या टाकीपेक्षा वाईट. चष्मा, हातमोजे हवेतच. मग बॉडीला खालून पक्का आधार द्यायचा, आणि कापण्याआधी दाराच्या मोकळ्या चौकटीत लोखंडी पाइप किंवा अँगल आडवा जोडून ती जखडायची. नवशिका इथेच फसतो. उत्साहाने उंबरा कापतो, बॉडी मध्ये किंचित बसते, आणि नवा पत्रा त्या वाकड्या मापातच वेल्ड होतो. मग दार जन्मभर नीट लागत नाही. म्हणून एका वेळी एकच बाजू, आणि प्रत्येक टप्प्यावर दार टांगून फट मोजायची.

पुढचे मडगार्ड बोल्टवर असते, खोलता येते. मागचे वेल्ड केलेले. त्याचा खालचा भाग कापल्याशिवाय उंबऱ्याचे टोक दिसतच नाही. कंटाळा करून तेवढे सोडले की सडके टोक आत राहते. कारखान्याचे स्पॉट वेल्ड ड्रिलने एकेक मोकळे करायचे, आणि चमकता पत्रा लागेपर्यंत कापत जायचे. नवे भाग विकत मिळतात. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने १९८८ पासून जुन्या साच्यांवर अख्ख्या बॉड्याही पुन्हा काढल्या. पण त्या महाग. साधी वळणे असलेला तुकडा घरी वाकवता येतो.

पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. सलग वेल्डिंग केले तर उष्णतेने पापडासारखा वाकतो. म्हणून मिग मशीनने इथे एक टाका, मग दूर तिथे एक, असे करत मधल्या जागा शेवटी भरायच्या. झाकण्याआधी आतल्या बाजूंना जस्ताचे प्राइमर, रंगानंतर पेटीत पातळ मेण फवारायचे. तळाची पाणी निघून जाण्याची भोके मात्र बुजू द्यायची नाहीत. मेण सुकल्यावर तार घालून ती मोकळी करतात.

रंगाची घाई कुणी करू नये. आधी आधार आणि पाइप काढून गाडी चारही चाकांवर उभी करतात आणि दार लावून पाहतात. कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली, तरच रंगाच्या डब्याचे झाकण उघडतात.