आगीआधीची बादली



१७३६ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि शेजाऱ्यांनी 'युनियन फायर कंपनी' काढली. सभासद फक्त तीस, पगार कुणालाच नाही. कातडी बादल्या, सामान हलवायच्या पिशव्या ज्याने त्याने स्वखर्चाने तयार ठेवायच्या. महिन्याला सभा, गैरहजर राहील त्याला दंड. त्या दंडातून बंब, शिड्या घेतल्या. आणखी माणसे आली, त्यांना सांगितले, तुमची दुसरी कंपनी काढा. अशा कंपन्या शहरभर झाल्या.

आपल्याकडे उसाला आग लागली की बंब येईस्तोवर फड जळून जातो. जळका ऊस वजनाला घटतो, उताराही पडतो. आग दिसली की धावतात सगळेच, पण मोकळ्या हाताने! माझे मत असे, की प्रत्येक शिवारात दहा जणांनी तरी कुणी काय आणायचे हे आत्ताच ठरवावे.