लॅपटॉप सुरू होत नाही? आधी कागदपत्रे वाचवा, मग विंडोज टाका



आपल्या वस्त्यांमध्ये आता चाळीमागे दोन-चार लॅपटॉप तरी दिसतात. बहुतेक जुनेच. कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, कुणी तालुक्याच्या दुकानातून हप्त्याने घेतलेला. मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट, मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आजोबांचे चैत्यभूमीवरचे फोटो, सारे त्यातच ठेवलेले असते. आणि एके दिवशी बटण दाबावे तर काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी येतात आणि गाडी तिथेच थांबते. दुकानदार सांगतो, "विंडोज उडाले. सगळे पुसून नवे टाकावे लागेल." घरची माणसे मान डोलावतात आणि तिथेच घात होतो.

कागद गेल्याचे दुःख काय असते, हे बाबासाहेबांनी सोसले आहे. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी आपले ग्रंथ वेगळ्या जहाजाने पाठविले होते. पहिले महायुद्ध चालू होते. ते जहाज शत्रूच्या पाणबुडीने बुडविले आणि पोटाला चिमटा काढून जमविलेली ग्रंथसंपदा समुद्रात गेली. तिथे उपाय नव्हता. आपल्या लॅपटॉपच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा उपाय असतो. तो माहीत नसतो एवढेच.

भगवान बुद्धांनी दुःख सांगितले, पण त्याआधारे रडत बसायला सांगितले नाही. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते, हा त्यांचा मार्ग. यंत्राच्या दुखण्यालाही हाच न्याय लावावा. "विंडोज उडाले" हे निदान नव्हे. कारण शोधावे.

प्रथम पाहा, बटण दाबल्यावर कंपनीचे नाव पडद्यावर येते का? दिवा लागत नसेल, पंखा फिरत नसेल, तर चार्जर काढून ठेवा. बॅटरी सुटी होणारी असेल तर तीही काढा. मग चालू करण्याचे बटण तीस सेकंद दाबून धरा आणि फक्त चार्जर लावून पुन्हा पाहा. तरीही कंपनीचे नाव येत नसेल, तर दोष रॅम, पडदा किंवा मुख्य बोर्डाचा असण्याचा संभव आहे. अशा वेळी विंडोजचे पैसे मोजणे म्हणजे पाय मोडला असता डोळ्यांत थेंब घालणे होय.

नाव येऊन पुढे "नो बूटेबल डिव्हाइस" किंवा "ऑपरेटिंग सिस्टीम नॉट फाउंड" असे आले, तर यंत्राला सुरू होण्याजोगी हार्ड डिस्क सापडलेली नाही. आधी लावलेला पेनड्राइव्ह काढा. मग लॅपटॉप सुरू होतानाच डेल, एसर, लेनोव्होवर बहुधा एफ २ आणि एचपीवर एफ १० ही कळ दाबत राहिले की सेटिंगचे पान उघडते. तिथे हार्ड डिस्कचे नाव दिसते का, ते पाहा. नाव दिसते, पण तारीख भलत्याच जुन्या वर्षाची दाखवीत आहे? मग आतला बटणासारखा गोल सेल उतरला असावा. तो उतरला की सेटिंग आपोआप बदलते आणि चांगले विंडोजही उठत नाही. सेल बदलून सेटिंग पूर्ववत केली की काम होते. डिस्कचे नावच दिसत नसेल, तर ती सैल झाली आहे किंवा निकामी झाली आहे. आतून टकटक आवाज येत असेल, तर लॅपटॉप वारंवार सुरू करू नका. प्रत्येक वेळी उरलेसुरले फोटोही धोक्यात येतात.

डिस्क दिसते, तरी विंडोज उठत नाही, असे झाले तर पुसण्यापूर्वी दोन कामे करावीत.

पहिले काम दुरुस्तीचे. विंडोज टाकण्याच्या पेनड्राइव्हवरच "रिपेअर युवर कॉम्प्युटर" हा पर्याय असतो. त्यातील "स्टार्टअप रिपेअर" चालवून पाहावे. यात आपल्या फाइली पुसल्या जात नाहीत. पुष्कळदा एवढ्यावरच भागते.

दुसरे काम कागदपत्रे बाहेर काढण्याचे. लिनक्स मिंट नावाची विनामूल्य प्रणाली आहे. ती पेनड्राइव्हवर घेऊन, लॅपटॉपवर काहीही न बसविता, पेनड्राइव्हवरूनच चालविता येते. त्यासाठी सुरुवातीला डेल, एसर, लेनोव्होवर बहुधा एफ १२ आणि एचपीवर एफ ९ दाबून पेनड्राइव्ह निवडावा लागतो. मग जुनी डिस्क कपाटासारखी उघडते. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे चार फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर ४८ आकडी किल्ली लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवलेली असते.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. आपल्या मंडळाची जयंतीची पत्रके, लग्नपत्रिका, विहाराचा अहवाल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. फाइल वाचली आणि फॉन्ट गेला, तर मराठीच्या जागी नुसती चिन्हे दिसतात. म्हणून विंडोज फोल्डरमधील फॉन्ट्स हा फोल्डरही उतरवून घ्या. पुढचे लिखाण मात्र युनिकोडमध्ये करावे, म्हणजे ते कोणत्याही यंत्रावर वाचता येईल.

आता प्रश्न, कोणते विंडोज टाकावे? पुष्कळांना जुनेच हवे असते, कारण ते हाताला सवयीचे आणि कमी रॅमवर हलके चालते. हे म्हणणे खोटे नाही. पण तारखा ध्यानात ठेवा. २००९ साली आलेल्या विंडोज ७ चा आधार कंपनीने १४ जानेवारी २०२० रोजी बंद केला. विंडोज ८.१ चा १० जानेवारी २०२३ रोजी संपला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर वाढीव सुरक्षेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते. आधार बंद म्हणजे नव्या विषाणूंवर औषध बंद. क्रोम ब्राउझरनेही २०२३ पासून विंडोज ७ ला नवी आवृत्ती देणे थांबविले. म्हणून विंडोज ७ टाइपिंगला, इंटरनेटविना, चालेल. बँकेच्या व्यवहाराला आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला ते वापरू नये. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि किमान ४ जीबी रॅम लागते, त्यामुळे बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर ते रीतसर बसत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंट कायमचे टाकणे हा चांगला मार्ग आहे. त्यात लेखनाचे, हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळते, मराठीही लिहिता येते आणि परवान्याचा पैसा लागत नाही.

जुने विंडोजच टाकायचे ठरले, तर परवान्याची चोरी करण्याची गरज नसते. विंडोज ७ च्या लॅपटॉपखाली २५ अक्षरांचे लेबल चिकटविलेले असते. विंडोज ८ पासूनच्या यंत्रांत किल्ली बहुधा बोर्डावरच नोंदलेली असते. त्या लॅपटॉपवर आधी रीतसर चालू असलेले विंडोज १० त्याच प्रकारचे पुन्हा टाकले, तर किल्ली न देताही इंटरनेटला जोडल्यावर ते मान्य होते. फुकटच्या "क्रॅक"मधून मात्र चोर घरात येतो.

टाकताना "कस्टम" निवडावे लागते. पुढे डिस्कचे भाग दिसतात. सी भागावर, फॉरमॅट न करता टाकले, तर जुन्या फाइली बहुधा विंडोज.ओल्ड या फोल्डरमध्ये राहतात. डी भागाला हात लावू नये. वाय-फायचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा, नाहीतर विंडोज बसते आणि इंटरनेट मिळत नाही. नव्या लॅपटॉपवर विंडोज ७ टाकण्याचा हट्ट धरू नये. त्याला यूएसबी ३ ची ओळख नसल्याने टाकता टाकता माऊसही चालेनासा होतो.

हे सारे स्वतः जमत नसेल, तर दुकानात जाण्यात कमीपणा नाही. पण तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्या: दोष काय आहे, फाइली वाचविणार की नाही आणि डिस्क बदलल्यास जुनी परत देणार की नाही. विचारणाऱ्या गिऱ्हाइकाला फसविणे अवघड जाते.

आणि शेवटी एक सूचना. प्रत्येकाने बाहेरची डिस्क विकत घ्यावी, अशी आपली ऐपत नाही. परंतु प्रत्येक बुद्धविहाराने एक डिस्क, दोन पेनड्राइव्ह आणि एक नोंदवही ठेवावी. संगणक शिकलेल्या मुलामुलींनी रविवारच्या वंदनेनंतर तासभर बसून वस्तीतील लॅपटॉप पाहावेत, ज्याच्या त्याच्या फाइली ज्याच्या त्याच्या हाती द्याव्यात आणि काम झाल्यावर विहाराच्या डिस्कवरून पुसून टाकाव्यात. ज्ञान मूठभरांच्या हाती राहिले की बाकीच्यांची लूट होते, हे आपल्याइतके कोणी भोगलेले नाही. मग निदान आपल्या वस्तीत तरी ते वाटून घेऊ या.

जयभीम! नमो बुद्धाय!