नवागताचे मत आणि कोळशाचा हिशेब

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलाचिया हा डोंगराळ मुलूख कोळशासाठी प्रसिद्ध आहे. त्यातील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात २०२१ साली एक योजना सुरू झाली. घरबसल्या अन्यत्रची नोकरी करणाऱ्यांनी तेथे वास्तव्यास यावे, यासाठी १२ हजार डॉलर देऊ करण्यात आले. १९५० साली २० लाखांची असलेली लोकसंख्या २०२० पर्यंत १८ लाखांच्या आत आली होती. तेव्हा नवागतांची निकड उघड आहे.

नवागत येताच मत बनवितो: डोंगर रम्य, माणसे अगत्यशील, परंतु गावे उजाड आणि लोक निरुद्योगी. यातील शेवटचा निष्कर्ष तपासून घेतला पाहिजे. हा समाज पिढ्यान्‌पिढ्या खाणीत राबला. मात्र जमिनीखालील कोळशाचे हक्क बव्हंशी बाहेरच्या कंपन्यांनी अल्प मोलात घेतले होते. पुढे यंत्रे आली, मजूर घटले. नफा बाहेर गेला आणि धोका गावात राहिला. १९७२ साली बफेलो क्रीक येथे खाणीच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसे दगावली.

हा हिशेब स्थानिक वृत्तपत्रांनीच मांडला. केंटकीतील व्हाइट्सबर्गच्या ‘माउंटन ईगल’ या साप्ताहिकाने खाणउद्योगावर निर्भीडपणे लिहिले. १९७४ साली त्याचे कार्यालय जाळण्यात आले; तरीही अंक निघतच राहिला. नवागताने मत देण्यापूर्वी असे वृत्तपत्र वाचावे.

राज्यकर्त्यांपुढील प्रश्न याहून कठीण आहे. येणाऱ्यास अनुदान मिळते. गाव सोडून जाणाऱ्या खाणकामगाराच्या मुलाला थांबण्यासाठी काय मिळते?