कोनशिला खरवडू नका!

पालक खाऊन दंड फुगवणारा पॉपाय आठवतो ना? १९५६ साली पॅरामाउंटने त्याची जुनी कार्टून्स टीव्हीसाठी ए.ए.पी. नावाच्या कंपनीला विकली. अट अशी, की पडद्यावर पॅरामाउंटचे नाव दिसता कामा नये. झाले! आरंभीच्या आणि शेवटच्या पाट्या कापून तिथे ए.ए.पी.ची पाटी चिकटवली. पैसे घेताना लाज नाही, नावाची मात्र लाज!

कोणी म्हणेल, पोरांना पाटीशी काय देणेघेणे? अहो, घर विकत घेणाऱ्याने दारावर आपली पाटी खुशाल लावावी, पण कोनशिला खरवडू नये. चित्रपट कुठे जन्मला, हे ती पाटीच सांगते. २००७ साली डीव्हीडी निघाल्या, तेव्हा मूळ पाट्या पुन्हा जोडाव्या लागल्या. कात्री चालवणे सोपे. निस्तरायला मात्र पन्नास वर्षे लागली. मला तरी हा व्यवहार नव्हे, कृतघ्नपणा वाटतो.