नाक वाहतं, दोष दाढेचा

सर्दी बरी होते, पण एका बाजूचं नाक वाहायचं थांबत नाही. त्याच बाजूचा गाल जड वाटतो, खाली वाकलं की ठणका लागतो आणि घशात उतरणाऱ्या शेंबडाला घाण वास येतो. मग निलगिरीची वाफ, ओव्याची पुरचुंडी, अँटिबायोटिकचा एक कोर्स, पाठोपाठ दुसरा. गोळ्या चालू असेपर्यंत बरं, बंद केल्या की पहिले पाढे पंचावन्न. अशा रुग्णाला तोंड उघडायला सहसा कुणी सांगत नाही. ते सांगितलं पाहिजे, आणि तेही ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी.

गालाच्या मागे, वरच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना हवेची एकेक पोकळी असते. हाच मॅक्सिलरी सायनस. वरच्या दाढांची मुळं तिच्या तळाला लागून असतात. मधलं हाड कित्येकांत मिलिमीटरभरही नसतं. काहींच्या मुळांची टोकं थेट सायनसच्या अस्तराला भिडलेली असतात. त्यात या पोकळीचं नाकात उघडणारं छिद्र तळाला नसून वरच्या अंगाला आहे. त्यामुळे आत साठलेला पू आपसूक ओघळून जात नाही. अस्तरावरची सूक्ष्म लव तो वर ढकलते; अस्तर सुजलं की छिद्र बुजतं आणि पू तिथेच मुरतो.

हे शेजारपण वैद्यकाला नवं नाही. नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्याने 1651 मध्ये या पोकळीचं वर्णन छापलं. त्यात एका बाईची हकिकत आहे. वरचा दात काढल्यापासून त्या खड्ड्यातून सतत स्राव येत होता. तिने पिसाची काडी आत घालून पाहिली, ती लांबवर गेली आणि बाई घाबरली, की काडी मेंदूत पोचली! काडी पोचली होती सायनसमध्ये. आजही वरची दाढ काढल्यावर चूळ भरताना पाणी नाकातून येऊ लागलं, तर तोंड आणि सायनस यांच्यात वाट पडली असं समजावं. नाक जोरात शिंकरू नये आणि त्याच दंतवैद्याकडे लगेच परत जावं.

मग निदान चुकतं कुठे? मुख्य कारण हे, की दोषी दाढ बहुधा दुखत नाही. कीड आतल्या नसेपर्यंत गेली, नस मेली, की ठणका थांबतो. माणूस म्हणतो, सुटलो. जंतू मात्र मुळाच्या टोकाशी घर करतात आणि पूला सायनसमध्ये वाट मिळाली की दाब उरत नाही, गालही सुजत नाही. वर्षांपूर्वी रूट कॅनाल करून कॅप बसवलेल्या दाढेवर तर कुणाचा संशयच जात नाही. साध्या एक्स-रेत मुळं एकमेकांवर येतात, त्यामुळे टोकाची गाठ निसटू शकते. जबड्याच्या सीबीसीटी स्कॅनमध्ये ती स्पष्ट दिसते. सायनसच्या सीटी स्कॅनमध्येही वरच्या दातांची मुळं बऱ्याचदा आलेली असतात, पण रिपोर्टात त्यांच्याबद्दल अवाक्षर नसतं.

जुनाट मॅक्सिलरी सायनसायटिसमध्ये दातांचा वाटा जुन्या पुस्तकांत 10 टक्क्यांच्या आसपास धरला जाई. सीटी सर्रास होऊ लागल्यावरच्या अभ्यासांत तो 25 ते 40 टक्क्यांपर्यंत सांगितला जातो. एकाच बाजूचा सायनस भरलेला असेल, तर संशय आणखी बळावतो. खाली चूल धुमसत असताना माडीवर पंखा लावून धूर हटत नाही. दाढेवर इलाज न करता सायनस धुणं तसंच.

उलट बाजूही आहे. वरच्या दातांच्या नसा सायनसच्या भिंतीतून जातात. त्यामुळे साध्या सर्दीतही वरच्या तीन-चार दाढा एकदम ठणकतात, जिना उतरताना हादरा बसला की जास्तच. अशा वेळी निरोगी दाढेचं रूट कॅनाल होऊ नये, म्हणून दंतवैद्याने आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकून आणि थंड लावून पाहायला हवं.

दात आणि सायनस एकत्र पाहायला हवेत, हा धडा 2021 मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराने महाराष्ट्राला फार महागात दिला. कोविडमधून उठलेले, बरेचसे मधुमेही रुग्ण वरचे दात हलतात, हिरडीतून पू येतो म्हणून दंतवैद्याकडे गेले. बुरशी सायनसमध्ये शिरलेली होती. कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला. तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि दंतशल्यचिकित्सक एकाच टेबलाशी उभे राहिले. साथ ओसरली आणि रुग्णाचे पुन्हा दोन वेगळे केसपेपर झाले.

विम्याचं तर विचारूच नका. बहुतेक पॉलिसींत सायनसच्या ऑपरेशनचा खर्च मिळतो, पण ज्या दाढेमुळे ते करावं लागलं तिच्या रूट कॅनालचा मिळत नाही. हजारांत मिटणारं दुखणं लाखाच्या घरात नेणारा हा नियम रुग्णाच्याच काय, विमा कंपनीच्याही हिताचा नाही. सायनसचं मूळ दातात असल्याचं निदान लेखी असेल, तर दातांचा इलाज त्याच दाव्यात धरला पाहिजे.

प्रत्येक सायनस दातातूनच येतो असं नाही. दोन्ही बाजूंचा, ॲलर्जीचा त्रास वेगळा. डोळा सुजला, अंधुक दिसू लागलं किंवा ताप चढला, तर कुठल्याही चर्चेत न पडता रुग्णालय गाठावं. मात्र एकाच बाजूचा, वास मारणारा सायनस वारंवार उलटत असेल, तर तिसरा कोर्स लिहून घेण्याआधी डॉक्टरांना विचारा: माझ्या वरच्या दाढा कुणी तपासल्या का?