मूळ प्रत आणि डुक्कर फियाट

महाडच्या एका गॅरेजमध्ये सध्या एक डुक्कर फियाट उभी आहे. 1950च्या दशकातली, गोल पाठीची, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून आलेली फियाट 1100. मालक आमचे स्नेही. गाडी ‘कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी’ करायची, असा त्यांचा निश्चय आहे. त्यामुळे पोलादपूरला वेल्डिंग करून बसवलेले टपावरचे कॅरिअर जाणार, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यासाठी लेथवर उतरवलेला पितळी बुश जाणार, हाताने ठोकून घडवलेले डावे मडगार्ड जाणार. 22 जुलै 2021 रोजी सावित्री-गांधारीचे पाणी शहरात शिरले, त्याची दाराच्या आतल्या पत्र्यावर उमटलेली गंजाची रेघही घासली जाणार. ‘मग गाडी अस्सल होईल,’ असे ते म्हणतात. प्रस्तुत लेखकाचे भांडण आहे ते या ‘अस्सल’ शब्दाशी.

योगायोग असा की, त्याच जुलै 2021मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम जाहीर केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली आणि चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली गाडी ती व्हिंटेज. नोंदणीसाठी अशी एखादी कसोटी हवीच. नाहीतर कोणीही जुनी पाटी नव्या सांगाड्यावर ठोकील. पण नोंदणीची कसोटी ही अस्सलपणाची व्याख्या नव्हे. कारखान्याच्या फाटकात उभी असलेली गाडी अजून कुठेच गेलेली नसते. तिच्या आयुष्यातला सर्वांत कोरा क्षण तेवढा खरा आणि पुढची साठ-पासष्ट वर्षे मात्र मळ, हा कुठला न्याय?

हा प्रश्न लंडनच्या उच्च न्यायालयापुढेही आला होता. 1929 आणि 1930 साली ल मान्सची शर्यत जिंकणारी ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. पुढे ‘ही ती गाडीच नव्हे’ असे म्हणून खरेदीदाराने हात आखडता घेतला. शर्यतीच्या काळातले फारच थोडे भाग तिच्यात उरले होते, हे खरेच होते. तरीही 1990मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी ती अस्सल ठरवली. भाग बदलत गेले, पण गाडीचे अस्तित्व कधी तुटले नाही, हा त्या निकालाचा गाभा. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत न्यायालयाला जे उमगले, ते आपल्याला घरच्या फियाटच्या बाबतीत उमगू नये?

यावर आमचे प्राध्यापक मित्र म्हणतील, पाठचिकित्सा शिकवणाऱ्यानेच मूळ संहितेच्या शोधाला नावे ठेवावीत का? राजवाड्यांनी 1909 साली ज्ञानेश्वरीची एकनाथपूर्व म्हणून प्रत छापली, तो उद्योगही व्यर्थच का? मुळीच नाही. पण भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती उघडून पाहा. सुकथनकरांनी आपली संहिता व्यासांची मूळ कृती असल्याचा दावा केला नाही. हाती असलेल्या पोथ्यांवरून जिथवर मागे जाता येते, ते रूप त्यांनी दिले. आणि नाकारलेले पाठ? ते त्याच पानावर, संहितेच्या खाली, कोणत्या पोथीत काय आहे या नोंदीसह. आमचे स्नेही पानाचा वरचा अर्धा भाग छापून खालचा जाळायला निघाले आहेत.

आणि त्या खालच्या भागात आहे कोण? आयातीवर निर्बंध होते, सुटे भाग मिळत नव्हते, त्या काळात मुंबई-गोवा रस्त्याकाठी लेथ आणि हातोडा घेऊन बसलेला मिस्त्री. त्याने काही लिहून ठेवलेले नाही. तो पितळी बुश हाच त्याचा एकमेव लेख. कारखान्यातल्या कामगाराचे काम तेवढे मूळ, आणि गाडी कशेडीच्या चढावर चालती ठेवणाऱ्याचे काम मात्र प्रक्षेप! ही निवड तांत्रिक नाही. कोणाचे कसब जपायचे आणि कोणाचे भंगारात घालायचे, याची ती निवड आहे.

आपणही निर्दोष नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने पोलादपूरकडच्या वाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवून आणल्या होत्या. एकाच ओवीची पाच रूपे तिने लिहून आणली होती. ‘यातली मूळ कोणती ते ठरव आणि बाकीच्या काढ,’ असे मीच तिला सांगितले. तिने काढल्या. ती वही आज माझ्याकडे नाही, आणि त्या चार ओव्या म्हणणाऱ्या बायकांची नावेही नाहीत.

म्हणून मागणी एवढीच : गाडी जरूर दुरुस्त करा. पत्रा सडला असेल तर बदला. पण काढलेल्या प्रत्येक भागाचे छायाचित्र घ्या, तो कुठे, कधी, कोणाच्या हातचा, हे विचारून लिहा, आणि तो डिकीत एका पेटीत ठेवा. पुराची रेघ मात्र पुसू नका. तिची दुसरी प्रत नाही.

मडगार्ड भंगारात गेले आहे. बुश मी मागून घेतला. दाराच्या आतली रेघ हे लिहीपर्यंत तरी शाबूत आहे. रंगाचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होते.